डेव्हलपर काय दाखवतो, काय दाखवत नाही



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय 'डेव्हलपर : एक विचार' असा लिहिला आहे. त्यामुळे थोडा घोटाळा झाला. आम्ही आत येत असताना दोन गृहस्थांनी थांबवलं आणि विचारलं, "सर, कार्पेट एरियाबद्दलही बोलणार ना?" (हशा) त्यांचं काही चुकलं नाही. गिरगावापासून लालबागपर्यंत आज कुठल्याही चाळीत जा, डेव्हलपर या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. आम्ही ज्याच्याबद्दल बोलणार आहोत तो डेव्हलपर बाटलीत मावतो. फोटोच्या कागदावर चित्र उमटवणारं ते रसायन आहे. पण आमच्या आजच्या हकिकतीत या दोन्ही डेव्हलपरांची गाठ पडते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

काही वर्षांपूर्वी लालबागमधली एक चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. आमचा एक जुना विद्यार्थी तिथला. पोटमाळ्यावरचं सामान काढताना त्याला पत्र्याच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काच सापडली. काचेची निगेटिव्ह, हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच इंच बाय साडेसहा इंच. तीवर त्याची आजी होती. ही बाई गिरणीकामगारांसाठी खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले वीस-पंचवीस पुरुष तिच्या हातचं जेवून पाळीवर जायचे. काच 1930 च्या आसपासची असावी, असा घरच्यांचा अंदाज. तिच्यावरून त्या वेळी स्टुडिओने काढलेला एक प्रिंट घरात होता, पण ओल लागून तो पिवळा पडला होता आणि आजीचा चेहरा त्यात पिठासारखा पांढरा दिसत होता. विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्ही अजून डार्करूम करता ना? एक चांगला प्रिंट काढून द्या. आणि जमलं तर आजीचा चेहरा जरा उजळ ठेवा."

या एका वाक्यात दोन मागण्या होत्या, 'चांगला' आणि 'उजळ'. त्या दोन्ही एकच आहेत का, हा आजचा प्रश्न. पण त्याकडे जाण्याआधी डेव्हलपर नक्की करतो काय, ते समजून घेऊ.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे, म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइड किंवा क्लोराइडचे, अगदी बारीक स्फटिक पसरलेले असतात. कागदावर निगेटिव्हमधून प्रकाश पडला की ज्या स्फटिकांना तो पोचला, त्यांच्यात चांदीचे तीन-चार अणू मोकळे होऊन एके ठिकाणी जमतात. एवढंच घडतं. कागद बघाल तर कोराच. याला सुप्त प्रतिमा म्हणतात. आता हा कागद डेव्हलपरमध्ये टाकला की डेव्हलपर स्फटिकाला इलेक्ट्रॉन देतो, आणि त्या चार अणूंच्या ठिपक्यापासून सुरुवात होऊन सगळाच्या सगळा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. चार अणूंचे कोट्यवधी होतात. लाल दिव्यात उभं राहून कोऱ्या कागदावर चेहरा वर येताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो क्षण वेगळा सांगायला नको.

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला इथे सांख्य आणि न्याय यांचं भांडण आठवल्याशिवाय राहत नाही. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासून असतंच, ते फक्त व्यक्त होतं. तिळातून तेल निघतं, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, आधीपासून होतं तर मग कुंभाराची गरज काय? घडा मातीत नव्हता, तो नव्याने झाला. आम्ही वर्गात हा वाद दरवर्षी शिकवत असू आणि दोन्ही बाजूंना सारखे गुण देत असू. डार्करूममध्ये उभं राहिलं की कळतं, चित्र आधीपासून होतं हेही खरं, कारण ते चार अणू नसतील तर काही उमटणार नाही. आणि ते नव्याने झालं हेही खरं, कारण बाकीची सगळी चांदी डेव्हलपरने घडवली.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपल्याला वाटतं, डेव्हलपर प्रकाश लागलेला स्फटिक ओळखतो आणि न लागलेला सोडून देतो. तसं नाही. न लागलेल्या स्फटिकावरही तो काम करतो, फक्त फार सावकाश. कागद ट्रेमध्ये हवा तितका वेळ ठेवा, शेवटी सगळाच काळवंडतो. म्हणजे चित्र आणि काळोख यांच्यातला फरक हा वेळेचा फरक आहे. तो टिकवायचा तर कोणीतरी वेळेवर थांबवावं लागतं. थांबवण्याचं काम रसायन करत नाही, ते प्रिंट काढणाऱ्या माणसाला करावं लागतं.

आता डेव्हलपरांचे प्रकार. मुंबईच्या कुठल्याही स्टुडिओत एकेकाळी चालायचा तो मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचा जोडडेव्हलपर. कोडॅकचं डी-72 हे सूत्र त्यातलं प्रसिद्ध: एक लिटरला मेटॉल 3.1 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 45 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 12 ग्रॅम, सोडियम कार्बोनेट 67.5 ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड 1.9 ग्रॅम. यातला प्रत्येक घटक कामाला लावलेला नोकर आहे. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन चित्र उमटवतात. सल्फाइट त्यांना हवेने खराब होण्यापासून सांभाळतं. कार्बोनेट हा सोडा, तो क्षारता देतो आणि त्याशिवाय हायड्रोक्विनोन जागचं हलत नाही. ब्रोमाइड लगाम घालतं, पांढरं पांढरं राहू देतं. हा डेव्हलपर भरवशाचा आहे. बाटलीत टिकतो, ट्रेमध्ये दिवसभर चालतो.

आजीच्या काचेसाठी आम्ही वेगळाच डेव्हलपर घेतला. त्याचं नाव अमिडॉल. 1892 पासून बाजारात असलेलं हे जर्मन कारखान्यातलं रसायन. अमेरिकेतला छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन आपले कॉन्टॅक्ट प्रिंट यातच काढायचा, आणि त्यापायी त्याची नखं कायमची काळी झाली होती. अमिडॉलचं वैशिष्ट्य असं की त्याला सोडा लागत नाही. नुसत्या सल्फाइटच्या पाण्यात ते काम करतं, किंचित आम्ल असलं तरी करतं. वेग मोठा, काळा रंग गार आणि खोल. पण त्याचं आयुष्य फार थोडं. पाण्यात घातलं की काही तासांत संपलं. आधी फिकं, मग गुलाबी, मग तपकिरी. सकाळी केलेलं संध्याकाळी टाकून द्यायचं. उद्यासाठी ठेवता येत नाही.

मग हे नखरेल रसायन घ्यायचं कशाला? त्याचं कारण त्या काचेत होतं.

जुन्या काचेच्या निगेटिव्ह पुष्कळदा अतिशय कडक असतात. आमच्या या काचेवर मागचा पडदा जवळजवळ अपारदर्शक झाला होता, आणि आजीचं गडद लुगडं नि सावळा चेहरा जवळजवळ कोऱ्या काचेसारखे. पडद्यावर काही दिसावं इतका प्रकाश दिला तर आजी काळ्या डागासारखी होते. आजी दिसावी इतकाच दिला तर मागचा पडदा नाहीसा होऊन ती हवेत तरंगते. नेहमीच्या डेव्हलपरमध्ये या दोन टोकांना एका कागदावर बसवणं अवघड. अमिडॉल आणि साधं पाणी यांची एक जुनी युक्ती आहे, ती इथे उपयोगी पडते.

युक्ती अशी. कागद अमिडॉलमध्ये वीस-तीस सेकंद ठेवायचा, मग उचलून शेजारच्या साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायचा, आणि तिथे हलवायचा नाही. मिनिट-दोन मिनिटं स्वस्थ पडू द्यायचा. जिलेटिनने थोडा डेव्हलपर पिऊन घेतलेला असतो. जिथे चित्र गडद आहे तिथे तो भराभर खर्च होतो आणि काम थांबतं. जिथे फिकं आहे तिथे खर्च कमी, म्हणून तिथे काम सावकाश चालू राहतं. गडद भाग जळत नाही, फिक्या भागाला जीव येतो. पुन्हा अमिडॉल, पुन्हा पाणी. तीन-चार फेऱ्या केल्या की दोन टोकं जवळ येतात. अमिडॉल वेगवान आहे आणि सोड्यावाचून चालतं, म्हणून हे साधतं.

आम्ही वापरलेलं प्रमाण लिहून घ्यायचं असेल त्यांनी घ्या. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. त्यात निर्जल सोडियम सल्फाइट 25 ते 30 ग्रॅम. ते पूर्ण विरघळल्यावरच अमिडॉल 6 ग्रॅम. क्रम उलटा केला तर पावडर हवेनेच बिघडायला लागते. मग पोटॅशियम ब्रोमाइडचं दहा टक्के द्रावण 5 ते 10 मिलिलिटर. सायट्रिक आम्ल चिमूटभर, वेग थोडा आवरण्यासाठी. सल्फाइट प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनवाल्याकडे मिळालं; अमिडॉल मात्र एका विद्यार्थ्याने परदेशातून आणलं. एक गोष्ट आवर्जून सांगतो, हातमोजे घाला. वेस्टनच्या नखांची गोष्ट ऐकायला छान वाटते, पण ही पावडर त्वचेला आणि श्वासाला बरी नव्हे. अंगावर पुरळ उठतं आणि एकदा उठायला लागलं की पुन्हा पुन्हा उठतं. पावडर वजन करताना पंखा बंद, तोंडाला मास्क. आणि स्वयंपाकाचं भांडं यात कधीही वापरायचं नाही.

डार्करूम म्हणजे तरी काय, आमच्या गिरगावच्या घरातली मोरी. या शहरात ते नवीन नाही. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या काळी काचेची निगेटिव्ह अंधारात डेव्हलप करायचे, पण अंड्याच्या पांढऱ्याचा कागद वापरून प्रिंट काढायचे ते उन्हात ठेवून. चित्र उन्हानेच उमटायचं, प्रिंटला डेव्हलपर लागतच नसे. डेव्हलपरने प्रिंट काढायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. आणि 1912 मध्ये दादरला दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'चं काम चालवलं, तेव्हा त्यांचं घर हेच त्यांचं वर्कशॉप होतं. फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं या कामांत सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने राबल्या, तेही घरातल्या माणसांचा आणि चित्रपटाच्या ताफ्याचा स्वयंपाक करून. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांनी पडद्यावर जे पाहिलं, त्यात त्या हातांचाही वाटा होता. तेव्हा आम्ही मोरीत ट्रे मांडले की आमचा संकोच जरा कमी होतो.

मुंबईचा खरा शत्रू उष्णता. डेव्हलपरची पुस्तकं 20 अंश सेल्सिअस धरून लिहिलेली असतात, आणि आपल्या नळाचं पाणी मे महिन्यात तिशीच्या घरात. दहा अंश वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. मघाशी म्हटलं ना, चित्र आणि काळोख यांच्यात फक्त वेळ उभा असतो. उष्णता तोच वेळ कमी करते. उपाय घरगुती: मोठ्या परातीत बर्फाचं पाणी आणि त्यात ट्रे. 22-24 अंशांपर्यंत आणलं तरी चालतं. सोडा नसल्याने अमिडॉलमध्ये जिलेटिन कमी फुगतं, हा गरम गावातला आणखी एक फायदा.

तरी पहिला कागद आम्ही घालवलाच. मे महिना, दुपारची वेळ, बर्फ संपलेला. आजीचा चेहरा वर येत होता, लुगड्याच्या चौकड्या दिसायला लागल्या होत्या, आणि आम्हाला वाटलं, अजून थोडं, अजून थोडं. तेवढ्यात पांढरा काठ राखाडी झाला, पाठोपाठ सगळ्या कागदावर धूर पसरल्यासारखं झालं. द्रावण चहासारखं तपकिरी. चूक सर्वस्वी आमची. अधिक दिसावं म्हणून थांबलो आणि होतं तेही घालवलं. दुसऱ्या दिवशी रात्री दहानंतर, नवीन अमिडॉल करून, घड्याळ समोर ठेवून काम केलं.

आता 'उजळ' या शब्दाकडे येऊ. काच भिंगाखाली पाहिली तेव्हा दोन्ही गालांवर अगदी बारीक पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. हे रिटचिंग. निगेटिव्हवर पेन्सिलीने गडद केलं की प्रिंटमध्ये तो भाग फिका येतो. त्या काळच्या स्टुडिओत हे सर्रास चालायचं. गिऱ्हाईक गोरं दिसलं पाहिजे. म्हणून जुन्या प्रिंटमध्ये चेहरा पिठासारखा आणि मान मात्र सावळी, असा फरक पडला होता. म्हणजे 'उजळ करा' ही विनंती आमच्याआधी कोणीतरी ऐकून पूर्ण केली होती.

मग पेन्सिल पुसली की खरी आजी मिळेल? तसंही नाही. आजीच्या कपाळावरचं कुंकू काचेवर कोरं राहिलं होतं, म्हणजे प्रिंटमध्ये काळं येणार होतं. त्यावरून कळतं की ही प्लेट तांबड्या रंगाला आंधळी होती. त्या काळच्या साध्या प्लेटना मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश दिसायचा, ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटना त्यासोबत हिरवा. तांबूस-तपकिरी कातडीतून निळा प्रकाश कमीच परततो, त्यामुळे सावळा माणूस अशा प्लेटवर असतो त्याहून काळा दिसतो. प्लेटने आजीला काळं केलं आणि पेन्सिलीने गोरं केलं. खरा रंग दोघांकडेही नव्हता. तेव्हा आम्ही पेन्सिलीला हात लावला नाही. तीही काचेच्या इतिहासाचा भाग आहे, आणि पुसताना थर ओरखडला गेला तर परत मिळणार नाही. आम्ही ठरवलं ते एवढंच: आपल्याकडून आणखी गोरं करायचं नाही, आणि चेहऱ्यात, लुगड्यात काचेवर जे जे आहे ते सगळं दिसेपर्यंत जायचं आणि तिथे थांबायचं.

कोणी विचारेल, स्कॅन का केलं नाही? केलं, आणि सगळ्यात आधी तेच केलं. काच फुटली तर निदान प्रत असावी. पण कुटुंबाला भिंतीवर लावायला प्रिंट हवा होता, आणि नीट हायपो केलेला, नीट धुतलेला चांदीचा प्रिंट पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. धुणं मात्र मनापासून हवं. जाड कागदाला तासभर बदलतं पाणी लागतं, आणि आमच्या इमारतीत पाणी सकाळी ठरावीक वेळच येतं. त्यामुळे प्रिंट रात्री काढले आणि पहाटे नळ येताच धुतले.

दुसऱ्या रात्रीचा तिसरा प्रिंट उतरला. लुगड्याच्या चौकड्या, पदराला केलेली रफूची शिवण, मंगळसूत्राचे मणी वेगवेगळे दिसत होते. चेहरा सावळा, डोळे थकलेले आणि करडे.

तो घेऊन आम्ही विद्यार्थ्याच्या आत्याबाईंकडे गेलो. आजीची मुलगी, वय ऐंशीच्या पुढे, तात्पुरत्या भाड्याच्या जागेत राहत होत्या. त्यांनी प्रिंट खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "आणि गोंदण कुठाय? आईच्या कपाळावर कुंकवाखाली गोंदण होतं."

आम्ही काच पुन्हा तपासली. कपाळावर पेन्सिल नव्हती. गोंदण पुसलं गेलं नव्हतं, ते काचेवर आलंच नव्हतं. गोंदणाचा हिरवट-निळसर रंग आणि सावळी कातडी, दोघांकडून प्लेटला दिसणारा प्रकाश सारखाच परतला, म्हणून प्लेटला त्यांच्यात फरक कळला नाही. जिथे चार अणू जमलेच नाहीत तिथे कोणताही डेव्हलपर, कितीही वेळ, काही उमटवू शकत नाही. फार ताणलं तर काळोख येतो, गोंदण येत नाही. इथे सांख्यांचा मुद्दा पुरता पटतो.

नातू म्हणाला, "सर, ब्रशने काढता येईल ना? नाहीतर कॉम्प्युटरवर?" येईल. बारीक ब्रश आणि शाई असते, प्रिंटवरचे ठिपके झाकायला वापरतात. हात बसलेला माणूस असं गोंदण काढेल की कोणाला संशय येणार नाही. आम्ही एवढंच म्हटलं की मग पुढच्या पिढीला काचेने पाहिलेलं कुठलं आणि आपण आठवून काढलेलं कुठलं, हे सांगता येणार नाही. त्या पेन्सिलवाल्यानेही चांगल्याच हेतूने गाल उजळवले असतील.

आत्याबाईंनीच निकाल दिला. म्हणाल्या, "राहू दे. पण लिहून ठेवा कुठेतरी." आम्ही प्रिंट उलटा केला आणि मऊ पेन्सिल त्यांच्या हातात दिली. शाईने लिहायचं नसतं, ती कागदातून पुढे उतरते. त्यांनी जपून, दाब न देता, मोठ्या अक्षरांत आईचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं: कपाळावर गोंदण होतं, फोटोत आलेलं नाही.

तर मंडळी, घरी कुणाकडे काचेच्या निगेटिव्ह असतील तर फेकू नका. काचेची बाजू हलक्या हाताने पुसा, थराच्या बाजूला बोटही लावू नका, प्रत्येक काच वेगळ्या कागदात उभी ठेवा, ओलीपासून दूर. घर रिकामं करताना पोटमाळा शेवटी नव्हे, आधी बघा. आणि फोटोतल्या माणसांना ओळखणारी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून मागे लिहून घ्या. अमिडॉलला वेळ थोडा असतो, तसा त्यांनाही.

आता प्रश्न विचारा. कार्पेट एरिया सोडून.